नाकाची शिकवणी

मी पडले ती एका फुलापायी. नखाएवढं, निळसर जांभळं फूल. आमच्याकडे त्याला सीतेची आसवं म्हणतात. दिसायला गरीब, पण चिखलात त्याच्या देठाखाली बारीक पिशव्या असतात आणि त्यांत ते किडे पकडून खातं. मी रत्नागिरीत कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि दर सप्टेंबरात मुलांना घेऊन गावाबाहेरच्या सड्यावर जाते. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. एरवी तिथे गुरंही थांबत नाहीत, पण पाऊस सरत आला की पंधरवडाभर सगळा फुलांचा गालिचा पसरतो.

मुलांना मी सांगत होते की शेवाळ जपून, त्यावर पाय देऊ नका. हे सांगता सांगताच फोटोसाठी एक पाऊल मागे सरकले आणि शेवाळावरच पाय दिला.

पुढचं मला आठवत नाही. मुलांनी नंतर सांगितलं की मी थोड्या वेळाने आपण होऊन उठून बसले आणि हजेरी झाली का, हजेरी झाली का, असं परत परत विचारत राहिले. एकाने होकार दिला की गप्प बसायचे आणि मग पुन्हा तेच. शेवटी सगळ्यांनी मिळून मला खांद्याचा आधार देत रस्त्यापर्यंत आणलं आणि रिक्षात घातलं.

मार डोक्याच्या मागच्या बाजूला लागला होता, पण स्कॅनमध्ये रक्त साकळलेलं दिसलं ते पुढे, कपाळाच्या आत. मला हे काही पटेना. मेंदूच्या डॉक्टर माझ्याहून वयाने लहान, बोलायला शांत. त्या म्हणाल्या, डब्यात दही घेऊन रिक्षाने जाताना ब्रेक लागला तर दही कुठे आपटतं? मेंदूचंही तसंच. मागून धक्का बसला की तो पुढच्या हाडावर जाऊन आदळतो. साकळलेलं रक्त थोडंच होतं, ऑपरेशन लागणार नव्हतं. काही दिवस त्यांनी मला डोळ्यांसमोर ठेवलं, रोज तारीख आणि पंतप्रधान विचारले, आणि घरी सोडलं.

घरी माझ्या नवऱ्याने रजा काढली होती. तो रसायनशास्त्रातला. त्याचं काम म्हणजे खाडीचा चिखल आणायचा आणि त्यात काय काय मिसळलंय ते शोधायचं. रस्त्यावर गाड्यांचे टायर झिजतात, तो भुगा पावसाबरोबर वाहत खाडीत उतरतो, टायरातली रसायनं मग चिखलात आणि माशांपर्यंत पोचतात. हल्ली जगभर याच्यावर बरंच काम चाललंय, आणि आमच्या खाडीपुरतं ते हा करतो. त्यामुळे आमच्या घरात लग्नापासूनचा एक नियम आहे. चिखलाचे बूट आणि पँट बाहेर, आधी आंघोळ, मग घरात. खाडीचा चिखल ओहोटीला उकरलेला असला तर सडक्या अंड्यासारखा घमघमतो, आणि याबाबतीत मी कधीही दया दाखवलेली नाही.

रजा संपून तो पहिल्यांदा खाडीवर गेला, त्या संध्याकाळी माझी काळजी करत तसाच आत आला. सोफ्यावर माझ्या शेजारी बसला. मी सरकून त्याला जागा करून दिली आणि चहा घेणार का विचारलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "अगं, तू ओरडली नाहीस."

मग त्याने स्वयंपाकघरातला एकेक डबा माझ्या नाकाखाली धरला. हिंग, काहीच नाही. सुकट, काहीच नाही. कॉफी, नाही. बाम धरला तेव्हा नाकात गार वाटलं म्हणून मी आनंदाने येतोय येतोय म्हटलं, तर तो म्हणाला की गारवा वेगळ्या नसेने कळतो, तो वास नव्हे. मला त्याचा असा राग आला! आठ-दहा दिवस मला जेवण मिळमिळीत लागत होतं, पण त्याचा दोष मी त्याच्या स्वयंपाकाला देत होते.

डॉक्टरांना याचं नवल वाटलं नाही. त्यांनी कागदावर नाक काढून दाखवलं. नाकाच्या अगदी वर चाळणीसारखं एक हाड असतं. त्याच्या भोकांमधून वासाचे बारीक तंतू मेंदूत जातात. मेंदू जागचा हलला की ते तंतू तुटू शकतात. मी विचारलं, परत येतील का? त्या म्हणाल्या की वासाच्या पेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात, मेंदूशी जोडलेल्या फार थोड्या पेशींना हे जमतं. पण नव्या तंतूंना चाळणीतून वाट काढावी लागते. काहींना सापडते, काहींना नाही. गोळी नाही, इंजेक्शन नाही. एक शिकवणी आहे, तिने काहींना फायदा होतो, सगळ्यांना नाही, आणि यावर अजून अभ्यास चालू आहे. त्यांनी खोटा धीर दिला नाही हे मला आवडलं. घरी आल्यावर मात्र खूप रडले.

शिकवणी सोपी होती. लवंग, लिंबू, निलगिरीचं तेल आणि गुलाब. सकाळ-संध्याकाळ एकेकाचा हळू हळू वास घ्यायचा आणि तो वास कसा होता ते मनाशी आठवायचं. आला नाही तरी आठवायचा. मुलांना वर्षानुवर्षं लक्ष देऊन बघा म्हणून सांगणारी मी, सकाळी डोळे मिटून लवंगेच्या बाटलीपुढे बसायचे आणि लवंग कशी होती ते आठवायचे. दात दुखायचा तेव्हा दाढेखाली धरलेली लवंग आठवायची. मसालेभात आठवायचा. वास काही आठवायचा नाही.

दुसरं औषध होतं चालणं. यावरून घरात वाद झाला. माझ्या सासूबाई लांज्याजवळच्या गावात राहतात. डोक्याला मार म्हणजे काळोखी खोली, पडदे ओढलेले, बोलायचं नाही, हलायचं नाही, असा त्यांचा हिशोब. फोनवर रोज विचारायच्या, निजून आहे ना? डॉक्टर म्हणाल्या होत्या की पूर्वी आम्हीही असंच सांगायचो, पण आता कळलंय की पहिले एक-दोन दिवस विश्रांती झाली की झेपेल तेवढं हलकं चालणंच मेंदूला मानवतं. सासूबाई एसटीने आल्या, मला गच्चीत फेऱ्या मारताना बघितलं, आणि आपल्या मुलाला बाजूला घेऊन म्हणाल्या की डॉक्टरीण पोर आहे, तिला काय समजतंय. पण दुसऱ्या दिवशी मी पायऱ्या उतरायला लागले तशा चप्पल घालून त्याही निघाल्या. पडली तर धरायला कोणीतरी पाहिजे, म्हणाल्या. आम्ही दोघी रोज भाट्याच्या पुलापर्यंत जायचो. मुलगा लहानपणी किती हट्टी होता ते त्यांनी मला त्या फेऱ्यांत सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, इतक्या गप्पा आमच्यात कधी झाल्या नव्हत्या.

वास नसण्याचे फायदे सुरुवातीला मी मजेत सांगायचे. मच्छीमार्केटात नाक न मुरडता उभी राहायचे, कचऱ्याची बादली मीच नेऊन ठेवायचे. मग एकदा दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि गॅस तसाच चालू राहिला. मी शेजारी बसून पेपर तपासत होते. नवरा दार उघडून आत आला आणि त्याने आधी खिडक्या उघडल्या. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याच आठवड्यात त्याने भिंतीवर गॅसची घंटी बसवली. ती गॅसलाही वाजायची आणि सासूबाईंनी केस सुगंधी तेलाने विंचरले की तेव्हाही.

खरं जड गेलं ते वेगळंच. स्वतःचा वास येईना. अंगाला घामाचा वास येत असेल या भीतीने मी दोनदा आंघोळ करायचे, वर्गात मुलांपासून लांब उभी राहायचे. रात्री उशीवर डोकं टेकलं की शेजारी नवरा आहे हे डोळ्यांनी दिसायचं, पण तो तिथे आहे असं वाटायचं नाही. हे त्याला सांगितलं तर त्याला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. शेवटी सांगितलं. तो उठला, खाडीवर नेतो तो जुना शर्ट घालून आला आणि झोपला. उपयोग शून्य झाला, पण हसून हसून झोप चांगली लागली.

कॉलेजात परत गेल्यावर काही दिवसांनी नेमकी अमरवेल शिकवायची आली. पिवळ्या दोऱ्यांसारखी ही वेल दुसऱ्या झाडावर जगते. तिचं कोवळं रोप जमिनीतून वर येतं तेव्हा त्याला लवकर एखादं झाड गाठावंच लागतं, नाहीतर ते मरतं. ते झाड ती शोधते वासावरून. शेजारच्या झाडातून हवेत जी रसायनं सुटतात त्या दिशेने ती वळते, आणि आवडतं झाड सोडून नावडत्याकडे जात नाही. प्रयोगांत हे दिसलेलं आहे. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग तिला नाक कुठे असतं?"

मी सांगितलं की नाक नसतं, पण हवेतले रेणू ओळखायची सोय झाडांच्या पेशींत असते. ती नेमकी कशी चालते हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. आणि मग बोलून गेले की सध्या मला नाक आहे आणि सोय नाही. मग कोणीतरी खुसखुसलं, आणि मीच मोठ्याने हसले. त्यानंतर मुलांपासून लांब उभं राहायचं मी सोडून दिलं.

फेब्रुवारीत एका सकाळी कॉफीचा वास आला. मी ओरडूनच नवऱ्याला हाक मारली. तो धावत आला. मी म्हटलं, वास येतोय, पण जळक्या रबराचा. मला वाटलं तो हिरमुसेल. त्याने विचारलं, "कुठलं रबर? टायरचं की सायकलच्या ट्यूबचं?"

डॉक्टरांना मात्र ही बातमी चांगली वाटली. तंतू येतायत, पण तारा उलटसुलट जोडल्या जातायत, म्हणाल्या. कांदा परतला की केस जळल्याचा वास यायचा. टूथपेस्ट रॉकेलसारखी. आणि एप्रिलात आंबा आला. शेजाऱ्यांनी हापूसची पेटी पाठवली, नवऱ्याने कौतुकाने पहिली फोड माझ्या हातात दिली, आणि मला आला फिनेलचा वास. रत्नागिरीत राहून आंबा नको म्हणायची वेळ आली. मी फोड गिळली आणि छान आहे म्हटलं. त्याला कळलं. उरलेली पेटी त्याने प्रयोगशाळेतल्या लोकांत वाटून टाकली.

मे महिन्यात सुट्टी लागली तशी मी सासूबाईंकडे गेले. त्यांच्या परसात विहीर आहे. पाणी गोड म्हणून अख्ख्या वाडीत नाव. त्यांनी तांब्या पुढे केला, मी तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. पाण्याला डिझेलचा वास होता.

सासूबाईंनी तांब्या उचलून हुंगला, घोटभर प्यायल्या. त्यांना काही जाणवलं नाही. वाडीतल्या एक-दोघी पाणी न्यायला आल्या होत्या, त्यांनाही नाही. सासूबाई दुखावल्या. "काय गो, तुला आंबा फिनेल लागतो," त्या म्हणाल्या, "आणि आता माझ्या विहिरीला नाव ठेवतंस?"

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. माझ्या नाकावर माझाच विश्वास नव्हता. मी संध्याकाळी पुन्हा हुंगलं, सकाळी पुन्हा. कॉफीचं रबर रोज थोडं बदलायचं, कधी जास्त, कधी कमी. हा वास मात्र बदलत नव्हता, आणि पाणी घटकाभर उघडं ठेवलं की कमी व्हायचा. वाटेल तसा आलेला भास असता तर ताज्या आणि शिळ्या पाण्यात फरक का पडावा? मी नवऱ्याला फोन केला. तुझा भास असेल, असं तो म्हणाला नाही. काचेची बाटली घे, काठोकाठ भर, आत हवा राहू देऊ नकोस, म्हणाला. उडून जाणारं काही असलं तर ते हवेत निघून जातं. दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला आणि बाटल्या घेऊन गेला.

निकाल येईपर्यंत सासूबाई माझ्यासमोर मुद्दाम तांब्यावर तांब्या पाणी प्यायल्या. मी नको नको म्हणत होते, त्या ऐकत नव्हत्या. मी ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी पीत होते आणि आम्ही दोघी एकमेकींशी फार गोड वागत होतो.

नवऱ्याचा फोन आला तेव्हा तो हसत नव्हता. पाण्यात डिझेलचे अंश होते. थोडे होते, पण पिण्याच्या पाण्यात असायला नकोत एवढे होते. मी स्पीकर लावला आणि त्याने ते आईला पुन्हा सांगितलं. हळूहळू वाढत गेलेल्या वासाची नाकाला सवय होते, रोज पिणाऱ्याला तो कळत नाही, असंही तो म्हणाला. सासूबाईंनी हातातला तांब्या अंगणात ओतला.

शोधायला लांब जावं लागलं नाही. विहिरीच्या वरच्या अंगाला चुलत दिरांची काजू सोलायची शेड आहे. वीज गेली की चालवायला तिथे जनरेटर, आणि त्याच्या डिझेलचं पिंप मागच्या बाजूला उघड्यावर. पिंपाचं बूड गंजून झिरपत होतं. जांभा दगड म्हणजे आतून भोकंच भोकं. वर सांडलेलं खाली कुठे निघेल याचा नेम नाही. सासूबाईंना धास्ती होती ती भावकीतल्या भांडणाची. एक बांध सरकला म्हणून वर्षानुवर्षं न बोलणारी घरं त्यांनी बघितली होती. त्या म्हणाल्या, विहीर गेली तरी चालेल, पण ह्याच्यावरून कोर्टकचेरी नको.

नवरा रविवारी आला आणि एकटाच शेडवर गेला. तिथे काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं. त्याने रिपोर्ट दाखवलाच नाही आधी. पिंप हलवून खालची माती हुंगायला सांगितली. चुलत दीर ओणवे झाले, मातीचं मूठभर ढेकूळ नाकाशी नेलं आणि तसेच खाली बसले. त्यांची नातवंडंही त्याच विहिरीचं पाणी पीत होती. दुसऱ्या दिवशी पिंप सिमेंटच्या कोब्यावर गेलं. काळी झालेली माती खरवडून पोत्यांत भरली, ती कुठे टाकायची ते माझ्या नवऱ्याने बघितलं. विहीर पंपाने उपसून उपसून काढली, भरली की पुन्हा उपसली. चुलत दीर रोज सकाळी नळाचं पाणी भरून स्वतः सासूबाईंच्या दारात आणून ठेवायचे. त्या नको म्हणायच्या आणि घ्यायच्या.

माझ्या वाट्याला एक काम आलं. पिंपाच्या जागेपासून विहिरीपर्यंतच्या उतारावर मी वाळा लावला. वाळ्याची मुळं खोल आणि दाट जातात, आणि त्यांच्या आसऱ्याने मातीतले जे जिवाणू राहतात ते तेलाचे रेणू तोडून खातात. अशा जमिनींवर वाळ्याचे प्रयोग बऱ्याच ठिकाणी झालेत. सासूबाई बघायला आल्या आणि खूश झाल्या. मोठा झाला की माठात घालायला होईल, म्हणाल्या. मी म्हटलं, आई, हा वाळा सोडून कुठलाही.

पावसानंतर पाणी पुन्हा तपासलं. स्वच्छ आलं. खात्रीसाठी काही आठवड्यांनी पुन्हा, तेव्हाही स्वच्छ. नवरा म्हणतो श्रेय उपशाचं आणि पावसाचं, मी म्हणते वाळ्याचं. शेजारी दुसरी तशीच विहीर वाळा न लावता ठेवली असती तर निकाल लागला असता. पण सासूबाईंना दुसरी विहीर नाही, आणि असती तरी त्यांनी ती आमच्या हातात दिली नसती. आता वाडीत कोणाचं दूध नासलंय का, मासे ताजे आहेत का, असं काही असलं की त्या मला हुंगायला लावतात. मी सांगते की माझं नाक अजून नीट नाही. त्या ऐकत नाहीत.

आणि ते खरंच अजून नीट नाही. गेल्या महिन्यात डॉक्टरांकडे गेले होते. लवंग येते, लिंबू येतं, निलगिरी निम्मी येते. गुलाब अजिबात नाही. त्या म्हणाल्या, कदाचित येईल, कदाचित एवढ्यावरच थांबेल. या वर्षी हापूस फिनेलसारखा लागला नाही. हापूससारखाही नाही, पण एका फोडीनंतर मी दुसरी मागितली.

परवा संध्याकाळी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडला आणि एकदम काहीतरी आलं. कागदाचा वास, डिंकाचा, आणि त्यात मिसळून कोणाच्या तरी केसांचं खोबरेल. पेपर लिहिताना एखादी मुलगी त्यावर डोकं टेकून बसली असणार. मी नवऱ्याला हाक मारली. तो चष्मा वर करून आला, पत्रिका नाकाशी धरली, दोनदा श्वास घेतला आणि म्हणाला की त्याला तर काहीच येत नाही. मग आम्ही दोघं शेजारी बसून गठ्ठ्यातली एकेक पत्रिका हुंगत गेलो. बऱ्याच वेळाने त्याला आठवलं की कुकर लावायचा राहिलाय. तो उठून गेला, आणि मी लाल पेन उघडून पहिली पत्रिका तपासायला घेतली.